ट्यूबवाला बर्ड फीडर, वर्षभर वापरून: घेण्याआधी बूड उघडतं का ते बघा

पाचपैकी तीन स्टार देतेय. फेब्रुवारीत विचारलं असतं तर पाच दिले असते, जुलैत विचारलं असतं तर एकही दिला नसता, फीडर उचलून फेकलाच असता. म्हणून मुद्दाम वर्षभर थांबले. या वस्तूचे रिव्ह्यू लोक पार्सल उघडल्याच्या दिवशी लिहितात, "पॅकिंग छान, दिसायला क्यूट, अजून पक्षी आले नाहीत पण येतील", अरे मग आल्यावर लिही ना बाबा.

वस्तू साधीच आहे. हातभर लांबीची पारदर्शक प्लास्टिकची नळी, चार भोकं, प्रत्येक भोकाखाली बसायला एक दांडी, खाली गोल ट्रे, वर तारेवरून सरकणारं झाकण. साधारण किलोभर दाणे मावतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच साच्यातले डझनभर फीडर वेगवेगळ्या नावांनी विकायला आहेत आणि माझी तक्रार त्या साच्याबद्दल आहे. लिस्टिंगमध्ये तीन दावे होते: खारप्रूफ, वेदरप्रूफ, आणि "इझी क्लीन". त्यातला पहिला तिसऱ्याच दिवशी खोटा ठरला, दुसरा पावसाळ्यात, आणि तिसऱ्यावरच तर मी एवढं मोठं लिहायला बसलेय.

आता सुरुवातीपासून. जानेवारीत मागच्या अंगणात झाडाच्या फांदीला लावला, बाजरी आणि राळा मिक्स करून भरला, आणि वाट बघत बसलो. अकरा दिवस एकही पक्षी नाही. हे आधी कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतेय, नवीन फीडर लावला की पक्षी लगेच येत नाहीत, त्यांच्या दृष्टीने ती झाडाला लटकलेली एक संशयास्पद वस्तू असते. कधी दोन दिवस लागतात, कधी महिना. खार मात्र तिसऱ्या दिवशी हजर. तारेवरून खाली उतरली, मागच्या पायांनी झाकणाला लटकली, डोकं खाली, आणि पुढच्या दोन पायांत दाणे धरून आरामात खात बसली. खारप्रूफ म्हणे! बाबा म्हणाले, "खारीने लिस्टिंग वाचलेलं नाही बहुतेक."

बाराव्या दिवशी मी थोडे दाणे खाली जमिनीवर आणि थोडे ट्रेमध्ये दिसतील असे टाकले, आणि दुपारी पहिली चिमणी आली. एक आली की झालं, बाकीच्या तिला खाताना बघून येतात. आठवड्याभरात सकाळी चौदा-पंधरा चिमण्या व्हायला लागल्या आणि बाबांनी वही काढली. बाबा रिटायर्ड आहेत आणि वही म्हटलं की त्यांना कॉलम आखल्याशिवाय चैन पडत नाही, तारीख, वेळ, पक्षी, संख्या, शेरा. पहिल्या आठवड्यात त्यांचा आकडा रोज दोनशेच्या वर जात होता कारण ते येणारा प्रत्येक पक्षी मोजत होते, तीच चिमणी दहा वेळा आली तर दहा. मग मी कुठेतरी वाचलेली पद्धत त्यांना सांगितली. अमेरिका-कॅनडात प्रोजेक्ट फीडरवॉच म्हणून एक मोजणी चालते, नोव्हेंबर ते एप्रिल, घरच्या फीडरवरचे पक्षी मोजायची, आणि त्यात नियम असा की एका वेळी एकत्र दिसलेली त्या जातीची जास्तीत जास्त संख्या हाच त्या दिवसाचा आकडा. दोनशेवरून आम्ही एकदम सोळावर आलो. बाबांना दोन दिवस वाईट वाटलं, पण वही खरी झाली.

फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काऊंट नावाची पक्षीमोजणी असते, चार दिवसांची, 1998 पासून चालू आहे, कुठल्याही एका जागी निदान पंधरा मिनिटं बसायचं आणि जे दिसेल ते ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकायचं. त्यात भाग घेतला आणि फोटो झूम करताना लक्षात आलं की बाबांच्या वहीतल्या सोळा "चिमण्यां"पैकी पाच चिमण्या नव्हत्याच. चोच जाड, भुवई पिवळसर, अंगावर रेषा. त्या सुगरणी! म्हणजे नर असतील किंवा माद्या, हिवाळ्यात दोघं सारखेच मातकट दिसतात, पिवळ्या डोक्याचा जो सुगरण पक्षी आपल्याला माहीत असतो तो फक्त विणीच्या काळातला नर. एप्रिल संपता संपता त्यातल्या दोघांच्या डोक्यावर पिवळे ठिपके उमटायला लागले, मे महिन्यात अख्खी पिवळी टोपी आणि गाल काळे. आम्ही जानेवारीपासून ज्यांना चिमण्या म्हणून दाणे घातले ते आमच्या डोळ्यांसमोर कपडे बदलून सुगरण झाले. फेब्रुवारीत पाच स्टार दिले असते म्हटलं ना, ते याच फोटोंसाठी.

चिमणीचंही तसंच एक आहे आणि हे मला पन्नाशीत कळलं. नर चिमणीच्या गळ्याखाली काळा डाग असतो ना, तो पिसं गळून नवीन आली की लगेच काळा दिसत नाही. नवीन पिसांची टोकं राखाडी असतात आणि खालचा काळा रंग त्यांनी झाकलेला असतो. मग महिनोन् महिने ती टोकं झिजत जातात आणि विणीचा हंगाम येईपर्यंत काळा डाग मोठा होऊन बसतो. नवीन कपडा घालून नाही, जुना झिजवून हा नटतो. फीडर खिडकीपासून हातभर अंतरावर असल्यामुळे हे दिसलं, नाहीतर चिमणीच्या गळ्याकडे कोण बघतंय.

खिडकीचंही सांगते कारण तिथे आमची चूक झाली. आधी फीडर खिडकीपासून चार-पाच मीटरवर होता. मार्चमध्ये एका दुपारी धाडकन आवाज आला, बाहेर जाऊन बघितलं तर खाली काही नाही, पण काचेवर एक होला उमटला होता. खरंच उमटला होता, डोकं, छाती, दोन्ही पसरलेले पंख, पांढरट पावडरीचा ठसा, पंखाची पिसं वेगळी मोजता येतील इतका स्वच्छ. होल्या-कबुतरांच्या अंगावर बारीक भुकटीसारखी पिसांची पूड असते तिचा तो ठसा. पक्षी उडून गेला होता पण अशी धडक बसलेला पक्षी नंतर कुठेतरी जाऊन मरतोही. मग वाचलं की फीडर एकतर काचेपासून मीटरभराच्या आत लावा, म्हणजे दचकून उडाला तरी वेग येण्याआधीच काच येते, नाहीतर दहा मीटरच्या पुढे. मधलं अंतर सगळ्यात वाईट, आणि आम्ही नेमकं तेच निवडलं होतं. तो ठसा बाबांनी आठवडाभर पुसू दिला नाही. त्यानंतर फीडर खिडकीजवळ आणला, काचेवर बाहेरून उभ्या पट्ट्या मारल्या, आणि परत धडक नाही.

तर हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात, या काळात फीडर फर्स्ट क्लास. दाणे कोरडे राहतात, आजूबाजूचं गवत वाळलेलं असतं त्यामुळे पक्ष्यांना दाण्यांची गरज असते, गर्दी चांगली. ठिपकेवाल्या मुनिया यायच्या वीस-पंचवीसच्या थव्याने, चार दांड्यांवर चार आणि बाकीच्या तारेवर, ट्रेवर, एकमेकींच्या डोक्यावर. मुनिया दाणा चोचीत फिरवून सोलते आणि टरफल खाली टाकते, हे बघायला मजा येते पण इथेच एक फसवणूक आहे, ट्रे वरून भरलेला दिसतो आणि प्रत्यक्षात त्यात नुसती टरफलं असतात. फुंकर मारून बघा. आम्ही दोन दिवस "अजून दाणे आहेत की" म्हणत होतो आणि मुनिया रिकाम्या टरफलांत चोची मारत होत्या.

पोपट आले तेव्हा मात्र धमाल. तीन आले, दोघांच्या गळ्यात कंठी होती म्हणजे नर, तिसरी मादी किंवा लहान पिल्लू, कारण नराला कंठी यायलाही तीनेक वर्षं लागतात. मी हौसेने सूर्यफुलाच्या बिया घातल्या होत्या. एक खाल्ली तर चार खाली, आणि बिया संपल्यावर दांडी कुरतडायला घेतली. चारपैकी दोन दांड्या गेल्या. कस्टमर केअरला फोटो पाठवला तर उत्तर आलं की "पक्ष्यांनी केलेलं नुकसान वॉरंटीत येत नाही." बर्ड फीडरच्या वॉरंटीत पक्षी येत नाहीत! हे मी प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय.

कबुतरांचा त्रास सगळ्यांनाच असतो, त्यावर एकच उपाय लागू पडला, खालचा ट्रे काढून टाकला. कबुतराला दांडीवर बसता येत नाही, ट्रेवर येतं. ट्रे काढल्यावर जमिनीवर सांडेल ते खाण्यापुरती दोन-तीन राहिली. पण ट्रे काढला की सांडणं वाढतं, आणि सांडलं की शेजारच्या काकू. आमच्या फीडरची टरफलं वाऱ्याने त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातात हे त्यांनी मला तीन वेळा गोडीत आणि एकदा न-गोडीत सांगितलं. त्यांचं बरोबर आहे. फीडर दीड मीटर उलट बाजूला सरकवला.

एप्रिल-मेमध्ये एक गोष्ट उलटी झाली. फीडरवरच्या चिमण्या कमी झाल्या आणि आम्हाला वाटलं दाणे खराब झाले का काय. तसं नव्हतं. दाणे खाणाऱ्या चिमणीलाही पिल्लांना भरवायला अळ्या-किडे लागतात, पिल्लं वाढतात ती त्याच्यावर, त्यामुळे त्या दिवसांत त्या माझ्या कुंड्यांमधला मावा आणि अळ्या वेचत होत्या. मी दर वर्षी ज्या मावा लागलेल्या झाडावर फवारायचे तिथे या वर्षी फवारलं नाही, चिमण्यांनीच साफ केलं, म्हणजे अगदी सगळं नाही पण पुष्कळ. मग तीन आठवड्यांनी पिल्लं घेऊन फीडरवर आल्या. पिल्लू आईबापाएवढंच दिसतं, समोर दाण्यांनी भरलेलं भोक असतं, आणि हे पंख थरथरवत तोंड उघडून बसतं, मला भरव. बाप भोकातून दाणा काढतो, मागे वळतो, पिल्लाच्या तोंडात देतो. पिल्लाच्या चोचीपासून भोक दोन इंचांवर. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "ओळखीचं वाटतंय." यावर मी काही बोलले नाही.

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त पक्षी या फीडरने आणले नाहीत, शेजारी ठेवलेल्या पाण्याच्या पसरट मातीच्या भांड्याने आणले, हे कबूल करायला पाहिजे. बुलबुल, दयाळ, शिंपी, चष्मेवाला, हे दाण्याला येतच नाहीत, फळं-किडे-मध खाणारे पक्षी बाजरी कशाला खातील. लिस्टिंगमध्ये फीडरभोवती वीस जातींचे पक्षी छापलेत त्यातले निम्मे असे आहेत की फीडर सोन्याचा असता तरी आले नसते. आमच्याकडे दाण्याला वर्षभरात सात जाती आल्या, पाण्याला सतरा. पाणी दोन-तीन सेंटीमीटरच खोल ठेवायचं, मध्ये एक दगड टाकायचा म्हणजे छोट्यांना उभं राहता येतं, आणि रोज बदलायचं, कारण आठवडाभर साठलेल्या पाण्यात डास तयार होतात. तुमचं बजेट एकाच गोष्टीचं असेल तर फीडर सोडा, भांडं घ्या. फीडरच्या रिव्ह्यूमध्ये हे लिहायला विचित्र वाटतंय पण खरंय.

आता पावसाळा. इथून पुढे नीट वाचा.

वेदरप्रूफ म्हणजे काय तर झाकणामुळे वरून पाणी जात नाही. पण भोकं आडवी आहेत, पाऊस तिरका येतो, आणि बसलेला ओला पक्षी भोकात डोकं घालून पंख झटकतो. दाणे ओले होतात. ओले दाणे आठवड्यात चिकटून त्यांचा गोळा होतो, वरचे दाणे खाली सरकत नाहीत. बरं हे सुद्धा चाललं असतं, रिकामा करून परत भरला असता. पण या साच्यात सगळ्यात खालचं भोक तळापासून दोन बोटं वर आहे. म्हणजे त्याच्याखाली जे दोन बोटं दाणे राहतात तिथे कुठल्याच पक्ष्याची चोच पोचत नाही. जानेवारीत पहिल्या दिवशी भरलेले दाणे जुलैमध्ये तिथेच होते! वरून आपण ताजे टाकत राहतो, पक्षी वरचे खात राहतात, तळाला सहा महिन्यांचा जुना माल. आणि तळाचं झाकण उघडत नाही. फिरवून बघितलं, स्क्रू ड्रायव्हर घालून बघितला, ते चिकटवलेलंच आहे. "इझी क्लीन" म्हणजे यांच्या मते वरून पाणी ओतून हलवायचं.

मला हे कळलं ते वासावरून. दाणे भरायला झाकण वर केलं तर आंबूस वास, टॉर्च मारून बघितलं तर तळाशी काळी-हिरवी बुरशी आणि त्यातून दोन पिवळे कोंब वर आलेले. त्याच आठवड्यात ती चिमणी दिसली. मादी होती. दुपारचे साडेतीन, पाऊस थांबलेला, बाकीच्या खाऊन गेल्या आणि ही दांडीवर बसून राहिली. अंग फुगवलेलं, एखाद्या लोकरीच्या गोळ्यासारखं, डोळे अर्धे मिटलेले, चोचीच्या कडेला ओले दाणे चिकटलेले. दोन मिनिटांनी एकदा भोकात चोच घालायची, दाणा तोंडात फिरवायची आणि गिळता न आल्यासारखा बाहेर सोडायची. मी खिडकी उघडली तरी उडाली नाही. हात लावता येईल इतक्या जवळ. निरोगी चिमणी असं कधी करत नाही. संध्याकाळपर्यंत तिथेच होती, सकाळी नव्हती.

तिला काय झालं होतं हे मी सांगू शकत नाही, आणि ते बुरशीमुळेच झालं असंही म्हणत नाही. पण नंतर जे वाचलं त्याने झोप उडाली. फीडरवर एरवी कधी इतक्या जवळ न येणारे पक्षी एकाच भोकात एकामागून एक तोंड घालतात, एकमेकांची लाळ, विष्ठा, सगळं त्याच कडेला. साल्मोनेला नावाचा जिवाणू असा पसरतो. अमेरिकेत 1994 मध्ये हाऊस फिंच नावाच्या पक्ष्यांत डोळ्यांची साथ आली, मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूची, डोळे सुजून बंद, आणि फीडरच्या भोकाच्या कडा हे तिच्या प्रसाराचं एक साधन होतं. ब्रिटनमध्ये ग्रीनफिंचचं त्याहून वाईट झालं, 2005-06 पासून ट्रायकोमोनोसिस नावाच्या आजाराने इतके मेले की बागेतला हा अगदी नेहमीचा पक्षी 2021 मध्ये तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या रेड लिस्टमध्ये गेला. घशाचा आजार, गिळता येत नाही, तोंडाला ओले दाणे चिकटून राहतात. मी परत ती चिमणी आठवली.

त्या दिवशी फीडर काढला. आजारी पक्षी दिसला की निदान दोन आठवडे फीडर बंद, म्हणजे पक्षी पांगतात आणि गर्दी मोडते. बाबांना पटेना, "सवय लावलीस आणि आता उपाशी ठेवतेस", म्हणून माझ्याशी दोन दिवस अबोला. अहो बाबा, तसं नसतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये चिकडी नावाच्या छोट्या पक्ष्यांवर याचा अभ्यास झालेला आहे, फीडर असला तरी ते रोजच्या गरजेचा साधारण पाचवाच हिस्सा त्यातून घेत होते, आणि वर्षानुवर्षं चालू असलेले फीडर काढून घेतल्यावरही हिवाळ्यात ते फीडर नसलेल्या पक्ष्यांइतकेच टिकले. त्यात आपला तर पावसाळा, किडे-गवत सगळं उपलब्ध. तरी रिकाम्या हुकापाशी मुनिया येऊन हवेत जागच्या जागी फडफडत होत्या, जिथे फीडर होता बरोब्बर त्या उंचीवर, हे बघून मलाही कसंतरी झालं हे नाकारत नाही.

त्या दोन आठवड्यांत मी करवत घेऊन फीडरचं बूड कापलं. हो, कापलं. त्या मापाचं बरणीचं झाकण मिळालं ते खालून घट्ट बसवलं, चार बारीक भोकं पाडली म्हणजे पाणी गळून जातं, आणि आत एक उलटा प्लास्टिकचा वाडगा घातला म्हणजे दाणे सगळ्यात खालच्या भोकाच्या पातळीवरच थांबतात, तळाला काही साठतच नाही. आता झाकण ओढलं की नळी दोन्हीकडून उघडी, बाटलीचा ब्रश आरपार जातो. दर पंधरा दिवसांनी साबणाने धुवायचा, मग ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, स्वच्छ खळखळून, आणि पूर्ण वाळल्याशिवाय भरायचा नाही. पावसाळ्यात दर आठवड्याला, आणि भरायचा तो दोन दिवस पुरेल एवढाच. किलोभर मावतं म्हणून किलोभर भरायचं नाही, हे मला आधी कळायला हवं होतं, पण क्षमता जास्त हाच मी फायदा समजले होते. शेंगदाणे तर दमट हवेत घालूच नका, त्यावर येणाऱ्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं. आपलं उरलंसुरलं तेल-मिठाचं तर कुठल्याच ऋतूत नको.

ऑगस्टमध्ये परत लावला. सुगरणींचे नर आलेच नाहीत, ते त्यांच्या उद्योगात. सालिम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला बसून यांचा अभ्यास केला होता, नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, मग हा ते पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो दुसऱ्या मादीसाठी. बाबांनी हे वहीत शेऱ्याच्या कॉलममध्ये लिहिलं, "कामात आहेत."

पावसाळ्यानंतर एक दिवस शिक्रा नावाचा शिकारी पक्षी आला. आवाज काहीच नाही, उलट आवाज बंद झाला, तेव्हाच लक्ष गेलं. सगळ्या मुनिया मेंदीच्या कुंपणात, एकच दांडीवर राहिलेली, ती नळीला चिकटून पुतळा झाली. पंधरा मिनिटं हललीच नाही. शिक्रा वरच्या फांदीवर बसून इकडेतिकडे बघत होता, लाल डोळा, आणि गेला. फीडरपासून तीन-चार मीटरवर झुडूप असावं ते यासाठी. अगदी खाली नको, तिथे मांजर बसतं, आमच्याकडे बसलंच होतं.

ऑक्टोबरमध्ये ज्या नवीन पक्ष्यांनी बाबांना चार दिवस पुस्तकं चाळायला लावली, साधे तपकिरी, ठिपका नाही रेष नाही, ती मुनियांचीच यंदाची पिल्लं निघाली. छातीवरची खवल्यांची नक्षी मोठं झाल्यावर येते. नोव्हेंबरमध्ये धोबी पक्षी आला, शेपटी हलवत फीडरच्या बरोब्बर खाली फिरतो, किडे वेचतो, आणि वर ढुंकूनही बघत नाही. हिवाळी पाहुणे बरेचसे असेच किडेखाऊ, त्यांच्यासाठी फीडर घेत असाल तर निराशा होईल.

तर तीन स्टार कसे. नळी पारदर्शक आहे, दाणे किती उरलेत ते दिसतं, एक. भोकांना धातूच्या कड्या आहेत, पोपटांनाही त्या फुटल्या नाहीत, एक. वर्षभर उन्हात राहून प्लास्टिक थोडं पिवळं पडलंय पण तडकलं नाही, एक. बुडाचे दोन कापले, जसं बूड कापलं तसे. दुकानात किंवा ऑनलाइन बघताना पक्ष्यांचे फोटो बघू नका, तळाचा फोटो मागा. तळ एका हाताने निघतो का, हात किंवा ब्रश आरपार जातो का, आणि सगळ्यात खालचं भोक तळाला टेकलेलं आहे का. विक्रेत्याला या तीन प्रश्नांची उत्तरं देता येत नसतील तर घेऊ नका.

अजून एक राहिलं. जूनमध्ये खाली सांडलेल्या दाण्यांतून बाजरी उगवली होती, मी ती तण समजून उपटायला निघाले तर बाबांनी अडवलं. सप्टेंबरमध्ये ती माझ्या खांद्याएवढी झाली आणि कणसं धरली. वर धुतलेला, वाळवलेला, ताज्या बाजरीने भरलेला फीडर, आणि त्याच्या चार फूट खाली तेवीस मुनिया कणसांना लटकून, एकेक ताट वाकलेलं, कच्चे दाणे पिळून खातायत. फीडरवर कोणी नाही. बाबांनी तेवीस आकडा लिहिला आणि जागेच्या कॉलममध्ये "फीडर" खोडून "शेत" केलं.